कोणत्या मराठी संगीतकाराला हवी तेवढी ओळख मिळाली नाही?

प्रश्नात तुम्ही एकच नाव मागितलंय आणि सोबत कुठून ऐकायला सुरुवात करावी तेही विचारलंय. माझं उत्तर: आनंद मोडक.

‘एक झोका, चुके काळजाचा ठोका’ तुम्हाला येतं. ‘हे जीवन सुंदर आहे’ही येतं. ‘नाकावरच्या रागाला औषध काय’ तर घरोघरी लहान मुलांना चिडवायला वापरतात. ही तिन्ही गाणी कोणी केली, असं दहा जणांना विचारून बघा. आशाताईंचं नाव येईल, पहिली दोन गाणी ‘चौकट राजा’ चित्रपटातली म्हटल्यावर दिलीप प्रभावळकरांचं येईल. मोडकांचं येईलच असं नाही.

आणखी एक गंमत सांगतो. ‘कळत नकळत’ चित्रपटातल्या ‘हे एक रेशमी घरटे’साठी अनुराधा पौडवाल यांना 1989 चा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1995 चा तोच पुरस्कार अंजली मराठे यांना ‘दोघी’ चित्रपटातल्या ‘भुई भेगाळली खोल’साठी मिळाला. दोन्ही चाली मोडकांच्या. एक गायिका तेव्हा आघाडीवरची, दुसरी अगदी कोवळ्या वयातली. पहिलं गाणं मध्यमवर्गीय घरातलं, दुसरं दुष्काळानं तडकलेल्या रानातलं, ना. धों. महानोरांच्या शब्दांतलं. लागोपाठ ऐका. चाली एकाच माणसाच्या आहेत हे ओळखून दाखवलंत तर मानलं तुम्हाला.

माझ्या मते नाव मागे पडलं ते याचमुळे. खळेकाकांची, म्हणजे श्रीनिवास खळ्यांची, चाल दोन ओळींत कळते, बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, तर मुखड्यातच. मोडकांचा असा ठसा नाही. नाटक कीर्तनाचं असेल तर ते कीर्तनकार व्हायचे, सिनेमा विदर्भ-मराठवाड्यातल्या मातीचा असेल तर ओवीच्या जवळ जायचे. स्वतःची सही करायची त्यांना हौस नसावी. त्यात मूळ गाव अकोला, कर्मभूमी पुणे आणि पोटापाण्याला महाराष्ट्र बँकेतली नोकरी. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंच्या दारात रोज उभं राहणाऱ्यातले ते नव्हेत.

पण खरे मोडक भेटतात ते नाटकात. सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ 1974 साली पुण्याच्या थिएटर अकादमी या नाट्यसंस्थेनं केलं. त्यातले भाऊराव कीर्तनकार मरतात आणि मेल्यावर स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतात. मुलगा गावाहून यायचाय म्हणून मढं चाळीत पडून आहे, चाळकऱ्यांचा घोळका भोवती आहे, आणि मयत माणूस निवांतपणे आख्यान सांगतोय! भाऊरावांची भूमिका चंद्रकांत काळे करायचे. इथे संगीतकारानं जरा कुठे डोळा मारला असता, म्हणजे ‘बघा, आम्ही कीर्तनाची टर उडवतोय’ असं सुरांतून सुचवलं असतं, तर नाटक फार्समध्ये घसरलं असतं. मोडकांनी तसं केलं नाही. चाली अस्सल कीर्तनाच्या, भक्तिभावानं म्हणाव्यात अशा. शब्द तेवढे प्रेताचे. त्यामुळे माणूस आधी मान डोलावतो आणि मग आपण कशावर डोलतोय हे कळून हसतो. ज्यानं गोंदवल्यात किंवा आळंदीत बसून खरं कीर्तन ऐकलंय त्याला हे जास्त बोचतं, असं माझं निरीक्षण.

नाटकाच्या संगीताचं दुर्दैव असं की प्रयोग संपला की ते संपलं. ‘घाशीराम कोतवाल’ नाटकाचं संगीत करणारे भास्कर चंदावरकर यांच्याही वाट्याला थोडंफार तेच आलं, पण त्यांच्यावर निदान बोललं-लिहिलं जातं.

अल्बम हवा असेल, तर ‘साजणवेळा’ शोधा. कवी ग्रेस यांच्या कविता, चाली मोडकांच्या, गायला चंद्रकांत काळे आणि माधुरी पुरंदरे. ग्रेस म्हटलं की लोकांना हृदयनाथ मंगेशकरांचं ‘भय इथले संपत नाही’ आठवतं, ते योग्यच आहे. ते शिखरच आहे. पण तिथे आपण चालीनं भारावतो. ‘साजणवेळा’त कविता तिच्या अवघडपणासकट समोर येते, अर्थ लागत नाही तिथे चालही उगाच समजूत घालत नाही. पहिल्यांदा ऐकताना कंटाळा येण्याची शक्यता आहे, आधीच सांगून ठेवतो. संतरचना आवडत असतील तर याच मंडळींचं ‘अमृतगाथा’ आधी घ्या, ते लवकर जवळचं होतं.

मोडक मे 2014 मध्ये गेले. त्याच वर्षी आलेला यशवंतराव चव्हाणांवरचा चित्रपटही त्यांनीच संगीतबद्ध केला होता, म्हणजे काम शेवटपर्यंत चालूच होतं.

क्रम विचाराल तर आधी ‘भुई भेगाळली खोल’, मग ‘मना तुझे मनोगत’, मग ‘अमृतगाथा’. ‘साजणवेळा’ रात्री, हेडफोन लावून. आणि शोधताना त्यांच्या नावानं शोधू नका. ॲपवर बहुतेक ठिकाणी गायकाचंच नाव ठळक असतं, तेव्हा गाण्याचे शब्द टाका म्हणजे सापडेल.