नोबेल नाही, म्हणून वाट नाही असं नव्हे

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सी भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या सहलीत जुन्नर तालुक्यातल्या बोरीला, कुकडीच्या काठावर जाऊन आली, तेव्हापासून ‘मला क्वाटर्नरीच करायचंय’ म्हणते, म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातल्या सगळ्यात अलीकडच्या, हिमयुगांच्या कालखंडाचा अभ्यास. तिथली ज्वालामुखीची करडी राख औषधाच्या रिकाम्या डबीत भरून टेबलावर ठेवली आहे. तिचे काका म्हणतात, यात ना नोबेल, ना नाव, ना पैसा. तिला जाऊ द्यावं का? – एक वडील, संगमनेर

नमस्कार.

आधी काकांचं बोलणं घेऊ. भूशास्त्राला नोबेल नाही, हे खरं. पण पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राचं नोबेल ठरवणारी स्वीडनची रॉयल अकादमीच नोबेलमध्ये न बसणाऱ्या शास्त्रांसाठी क्राफोर्ड पुरस्कार देते. 1995 साली तो विली डान्सगार्ड आणि निकोलस शॅकलटन यांना मिळाला. डान्सगार्ड ग्रीनलंडच्या बर्फातून जुनं हवामान शोधत. शॅकलटन समुद्रतळाच्या गाळात सापडणारी, टाचणीच्या डोक्याएवढी कवचं तपासत. त्या कवचांतल्या हलक्या आणि जड ऑक्सिजनचं प्रमाण मोजलं, की त्या काळी पृथ्वीवर बर्फ किती साठला होता याचा अंदाज बांधता येतो. आता इन्क्वा ही क्वाटर्नरी अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना शॅकलटन यांच्याच नावाचं पदक तरुण संशोधकांना देते. इन्क्वाचं अधिवेशन चार वर्षांनी एकदा भरतं आणि पुढचं 2027 मध्ये लखनौला ठरलं आहे. मुलीला तिथे नक्की पाठवा, नुसतं ऐकायला का होईना.

मला स्वतःला जवळचं वाटतं ते जेम्स क्रॉल पदक. ब्रिटनच्या क्वाटर्नरी संशोधकांचा हा सर्वोच्च सन्मान. हा क्रॉल स्कॉटलंडच्या गरीब घरातला, तेराव्या वर्षी शाळा सुटलेला. सुतारकाम केलं, चहाचं दुकान चालवलं, विमा विकला. 1859 मध्ये ग्लासगोच्या एका संस्थेत रखवालदार म्हणून लागला आणि तिथलं ग्रंथालय त्याला मोकळं मिळालं. पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांमुळे हिमयुगं येतात, हा सिद्धांत त्याने मांडला तो 1864 मध्ये, ती नोकरी करत असतानाच. पुढे 1876 मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. त्याच्या मांडणीत चुका होत्या, पण मूळ धागा खरा निघाला. पुढे सर्बियाचे गणिती मिलांकोविच यांनी त्याचं सविस्तर गणित केलं, आणि 1976 मध्ये शॅकलटन व सहकाऱ्यांनी हिंदी महासागराच्या तळाच्या गाळात त्याचा पुरावा दाखवला. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं गेली. ही एवढी वर्षं मी मुद्दाम मोजून सांगतोय, कारण या विषयात फळ उशिरा येतं आणि घरच्यांना ते आधी माहीत असलेलं बरं.

आता पैशाचं. एमएस्सीसाठी तिने आयआयटी-जॅम द्यावी. त्यानंतर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला 37,000 रुपये आणि घरभाडं मिळतं. प्राध्यापकीच्या कायम जागा थोड्या आहेत, त्यावर विसंबू नका. एमएस्सी झाल्यावर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्यायला लावा. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातली नोकरी पक्की असते, आणि नदीकाठही सुटत नाही.

संस्था निवडताना नावाकडे नको, कामाकडे बघा. गाळातल्या जुन्या परागकणांसाठी लखनौची बिरबल साहनी संस्था, वाळूचं वय काढायला अहमदाबादची पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा), समुद्राच्या गाळासाठी गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था). आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज तर तुमच्या दारातच. डॉ. शरद राजगुरूंनी तिथे राहून महाराष्ट्राच्या नद्यांचे काठ आयुष्यभर वाचले. तुमच्या प्रवरेच्या काठी नेवाशाला पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलियांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली. पदकविजेत्यांच्या याद्यांचाही एक उपयोग आहे : त्यांचे शोधनिबंध वाचले, की कोणते प्रश्न अजून उघडे आहेत ते कळतं.

असाच एक प्रश्न तिच्या टेबलावर आहे. ती राख सुमात्राच्या टोबा ज्वालामुखीतून इथवर उडत आली. पण ती सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची, की त्याहून कितीतरी जुन्या, यावर अभ्यासक वर्षानुवर्षं भांडले. कारण राखेचं वय ठरलं, की तिच्या थरालगत सापडलेल्या दगडी हत्यारांच्या वयाचाही अंदाज येतो.

तिला एवढं मात्र आजच विचारा : डबीवर चिठ्ठी लावली आहे का? गाव, काठाची बाजू, जमिनीपासूनची खोली, तारीख. आठवतंय तोवर लिहून ठेवायला सांगा. नाहीतर चिठ्ठी नसलेली राख प्रयोगशाळेत कोणी हातात घेणार नाही.