मदतीच्या पैशामुळे आई खचली का?

प्रिय विद्यार्थिनी,

बाबा गेल्यापासून घर सरकारी मदतीवर चालतं, आई हळूहळू अबोल होत गेली, आणि परवा वर्गात कुणीतरी म्हणालं, 'फुकटच्या पैशानं बायका आळशी आणि उदास होतात.' ते तुला फार लागलं. पदवीनंतर याच प्रश्नावर काम करायचंय, पण मानसशास्त्र घ्यावं, समाजकार्य की अर्थशास्त्र, हे ठरत नाही, असं तू लिहिलंस.

आधी त्या वाक्याचा समाचार घेऊ. मदत घेणाऱ्या स्त्रियांमध्ये नैराश्याचं प्रमाण जास्त दिसतं, हे खरं आहे. पण बाई अर्ज करते कधी? नवरा गेला, नोकरी सुटली, मारहाणीला कंटाळून घर सोडलं, तेव्हा. मन आधीच खचलेलं असतं. शिवाय नैराश्यामुळे काम टिकत नाही, म्हणूनही मदत घ्यावी लागते. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे वेगळं काढणं हेच या विषयातलं सगळ्यात अवघड काम.

त्यासाठी संशोधकांनी प्रयोग केले. केनियात गरीब कुटुंबांपैकी काहींना सोडत पद्धतीनं निवडून विनाअट रोख रक्कम दिली. हाउसहोफर आणि शापिरो या संशोधकांनी २०१६ साली त्याचे निष्कर्ष मांडले: पैसे मिळालेल्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं होतं. फिनलंडनं २०१७-१८ मध्ये २,००० बेरोजगारांना दरमहा ५६० युरो कोणतीही अट न घालता दिले. नंतरच्या सर्वेक्षणात त्यांनी मानसिक ताण कमी असल्याचं सांगितलं. म्हणून मला वाटतं, मदत मिळते का यापेक्षा ती कशी मिळते हे विचारायला हवं. दर वेळी नवा दाखला, खिडकीवरचा तुच्छ सूर, पुढच्या महिन्यात नाव कटेल ही धास्ती, याचा मनावर काय परिणाम होतो, हे तू शोधावंस.

आता तुझा निर्णय. माझं मत स्पष्ट आहे: मानसशास्त्र घे आणि संख्याशास्त्र अजिबात टाळू नकोस. बहुतेक विद्यार्थी तिथेच अंग काढून घेतात आणि मग इतरांच्या आकड्यांवर विसंबून राहतात. धोरणांकडे ओढा असेल तर अर्थशास्त्र, बायकांसोबत रोज बसायचं असेल तर समाजकार्य; तिन्ही वाटा या प्रश्नाकडे येतात.

या कामाचा एक नमुना सांगते. 'पीएचक्यू-९' या नैराश्य तपासण्याच्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण. त्यातला एक प्रश्न थकव्याचा. तान्ह्या बाळाची आई 'जवळजवळ रोज' म्हणेल, पण ते जागरणही असू शकतं. हे ओळखायला समोर बसून ऐकावं लागतं. आणि नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. 'हो' असं उत्तर आलं तर त्याच दिवशी तिला कुणाकडे न्यायचं, हे ठरवल्याशिवाय प्रश्नावली हातात घ्यायची नाही.

शेवटचं, आईबद्दल. अभ्यासासाठी तिची मुलाखत घेऊ नकोस. तिची तू मुलगी आहेस. झोप, भूक, बोलणं दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलं असेल, तर तिला याच आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन जा. प्रवेशाचा अर्ज त्यानंतर भरलास तरी चालेल.