सायकियाट्री वॉर्डात नर्सला काम कमी असतं का? वेगवेगळ्या वयाच्या पेशंटशी कसं वागायचं?

जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) शेवटच्या वर्षाला आहेस, म्हणजे माझ्या पुतणीच्या वयाची. म्हणून तुला 'अगं-तूगं' करते, राग मानू नकोस. लहान मूल, कॉलेजचं पोर, बाळंतीण, म्हातारी माणसं यांच्याशी वेगवेगळं वागावं लागतं का, हा तुझा खरा प्रश्न. पण खाली सहज टाकलेलं "तिथे काम कमी, नुसत्या गप्पा असतात असं ऐकलंय" हे वाचलं आणि लिहायला बसले. माझ्या बॅचची एक मैत्रीण मला वर्षानुवर्षं हेच ऐकवते. ती सर्जिकलला, म्हणजे ऑपरेशनच्या पेशंटच्या वॉर्डात; मी सायकियाट्रीला, म्हणजे मानसिक आजारांच्या.

तर एकदा तिच्याच वॉर्डातून आमच्याकडे एक आजी आल्या. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. तिसऱ्या रात्री ओरडायला लागल्या, सलाईन उपटलं, मावशींना चावल्या. ट्रान्सफरच्या कागदावर "सायकियाट्री केस". दोन्ही हात रोलर बँडेजने कॉटला बांधलेले. मुलगा रडवेला. "सिस्टर, आईच्या डोक्यावर परिणाम झाला हो. परवापर्यंत मला दुधाचा हिशेब विचारत होती."

परवापर्यंत हिशेब विचारणारं माणूस आज असं वागतंय, इथेच कान टवकारायचे. म्हातारपणी अचानक असं झालं तर आधी डेलिरियम, म्हणजे अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, धरायचा, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा शरीरात सापडतं. लघवीचं इन्फेक्शन, रक्तात कमी झालेलं सोडियम किंवा ऑक्सिजन, नवीन सुरू केलेलं औषध.

हात सोडल्यावर आजी चादरीवरून चिमटीने काहीतरी वेचून पदरात टाकायला लागल्या. मी शेजारी बसले. "काय वेचताय?"

"मुगाच्या शेंगा. पाऊस लागला तर कोंब येतील."

इथे शेंगा नाहीत, हा दवाखाना आहे, असा वाद घालायचा नसतो आणि खोटं खोटं वेचायलाही बसायचं नसतं. मी म्हटलं, मुलगा आलाय, तो बघेल शेताचं. बोलता बोलता ओटीपोटावर हात ठेवला तर घट्ट फुगलेलं. कॅथेटर (लघवीची नळी) सकाळीच काढलेलं, त्यानंतर लघवी झाली का हे इनटेक-आउटपुट चार्टवर कोणी लिहिलंच नव्हतं. डॉक्टरांना फोन केला, ऑर्डर घेतली, कॅथेटर टाकलं. पाऊण लिटरच्या वर लघवी निघाली. चष्मा आणि कानाचं मशीन औषधांच्या पिशवीच्या तळाशी होतं, म्हणजे आजींना धड दिसतही नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. रक्त पाठवलं, सोडियमही कमी आलं. एका रात्रीत बऱ्या झाल्या नाहीत. संध्याकाळ झाली की परत शेंगा. पण दिवसेंदिवस कमी होत गेल्या, आणि मुलाला परत दुधाचा हिशेब द्यावा लागला.

मैत्रीण काय म्हणाली? "एवढंच ना? लघवी तर आम्हीही काढली असती." मग काढली का नाही?

आमच्याकडे पेशंटला बांधायचं तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९७ आहे. दुसरा इलाज नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, कारण नोंदवून. शिक्षा म्हणून नाही, आणि स्टाफ कमी आहे एवढ्याच कारणाने तर नाहीच. सर्जिकलला मात्र बँडेज हाताशीच असतं.

बाकीची वयं थोडक्यात. लहान मुलाच्या समोर खुर्ची टाकून प्रश्न विचारू नकोस, जमिनीवर बस, त्याच्या हाताला काहीतरी चाळा दे. कॉलेजच्या मुलीच्या मनगटावर वार दिसले तर "अगं बाई!" करायचं नाही. जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारायचं. विचारल्याने डोक्यात भरत नाही. मात्र "कोणाला सांगणार नाही" असं वचन कधी देऊ नकोस. बाळंतीण झोपत नसेल आणि "हे माझं बाळच नाही" म्हणत असेल तर ती इमर्जन्सी आहे, सासूच्या "होतं असं पहिल्या वेळी" वर सोडायचं नाही. दारू अचानक सुटलेल्या माणसाचे दुसरा-तिसरा दिवस डोळ्यात तेल घालून बघायचे.

आता हेही सांगायला हवं की प्रत्येक आरडाओरडा लघवीने होत नाही, आणि कधी कधी इंजेक्शन द्यावंच लागतं. मैत्रिणीचंही सगळं चूक नाही, रात्री तिच्या एकटीच्या गळ्यात अख्खा वॉर्ड असतो. आमच्याकडे चिडलेल्या पेशंटजवळ एकटी जायचं नाही, तो आपल्या आणि दाराच्या मध्ये येईल असं उभं राहायचं नाही, आणि गळ्यात चेन किंवा आयकार्डची दोरी नको.

आधी रजिस्ट्रेशन आणि थोडा जनरल वॉर्डचा अनुभव घे, मग सायकियाट्रिक नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं तर आहेतच. घरचे म्हणतील, "वेड्यांच्या दवाखान्यात कशाला?" माझ्याकडे अजून म्हणतात.