युगांडात मंडळ्या (स्थानिक चर्च) स्थापण्यासाठी तिथल्या पाळकांना प्रशिक्षण द्यायचं आहे. दोन आठवड्यांचं शिबिर पुरेल, की निवडक तरुणांना इकडे सेमिनरीत (पाळकांच्या शिक्षणसंस्थेत) आणावं?

शिबिराचं नंतर बोलू. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की निवडलेल्या पाळकांना तुमची पुण्याची मंडळी पहिली पाच वर्षं दरमहा मानधन देणार आहे. मी लिहायला बसलोय ते त्या एका वाक्यामुळे. ते देऊ नका.

माझे बाबा नेवासे तालुक्यातल्या एका गावात पाळक होते. स्वतंत्र मंडळी, चाळीसेक घरं, बहुतेक शेतमजूर. वरून पगार येत नव्हता. प्रत्येक घरात चुलीजवळ एक डबा असायचा. दळण काढताना बाई त्यात मूठभर धान्य टाकायची आणि रविवारी उपासनेला येताना तो डबा आणून वेदीपुढच्या पाटीत रिकामा करायची. कुणाची बाजरी, कुणाची ज्वारी, मधेच चार दाणे तुरीचे. सोमवारी आई ते सगळं निवडत बसायची. पण बाजरी आणि ज्वारी कितीही निवडली तरी पूर्ण वेगळी होत नाही, त्यामुळे आमच्या घरची भाकरी कधी एका रंगाची नसायची. सुगीच्या उपकारस्तुतीला पायलीपायलीने धान्य यायचं, कुणी कोंबडं आणायचं, आणि त्यावर आम्ही पाच माणसं जगलो. ओढाताण होती, पण उपाशी कधी झोपलो नाही.

१९९१च्या जानेवारीत अमेरिकेतून आठ जणांचा एक गट आला. संस्थेचं नाव सांगत नाही. शाळेच्या पटांगणात मांडव घातला आणि तीन तालुक्यांतले तेवीस पाळक आणि सुवार्तिक (ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरणारे) बारा दिवस शिकायला बसले. मी तेव्हा नगरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, इंग्रजी घेतलं होतं, म्हणून दुभाषा मी. शेवटच्या दिवशी गावातली मंडळीही जमली होती. गटाचे प्रमुख उठले, ते बोलले आणि मी मोठ्या अभिमानाने मराठीत सांगितलं: "आजपासून तुमच्या पाळकांची काळजी आम्ही घेऊ. तुम्ही गरीब आहात, तुमच्यावर हे ओझं नको." टाळ्या वाजल्या. दरमहा सहाशे रुपये, पाच वर्षं. बाबांनी टाळी वाजवली नाही, पण सही केली. दादाला डिप्लोमाला प्रवेश घ्यायचा होता.

पुढच्या रविवारी पाटी अर्धी भरली. महिन्याभरात तळ दिसायला लागला. एक म्हातारी होती, सगळे तिला आक्का म्हणायचे. ती पदराच्या टोकाला बाजरी बांधून आणायची. एका रविवारी ती रिकाम्या हाताने आली आणि बाबांना म्हणाली, "आता तुम्हाला तिकडनं येतंय की. माझ्या मुठीनं काय व्हायचंय?" रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाली. हीच आक्का पूर्वी प्रवचन लांबलं की बाहेर पडताना बाबांना सुनवायची, "पाळकसाहेब, चुलीवर कालवण ठेवून आलोय आम्ही." मग तेही बंद झालं. दुसऱ्याच्या माणसाला कोण बोलतं? जूनच्या वाऱ्यात चर्चचे दोन पत्रे उडाले. आधी पत्रा उडाला की संध्याकाळपर्यंत चार बाप्ये शिडी घेऊन हजर असायचे. या वेळी तीन दिवस कुणी आलं नाही. एकाने बाबांना सरळ सांगितलं, अमेरिकेला कळवा.

दर महिन्याला एक फॉर्म भरायचा असायचा, तोही मीच इंग्रजीत भरायचो. नवीन लोक किती, बाप्तिस्मे किती, नवीन गावं किती. बाबांनी सलग तीन महिने शून्य सांगितलं तर विचारणा करणारं पत्र आलं. तेवीस जणांत असे दोघे होते की ज्यांनी एकाच वस्तीची तीच माणसं आपापल्या फॉर्ममध्ये मोजली. मी त्यांना दोष देत नाही. सहाशे रुपये त्या रकान्यांवर अवलंबून होते.

१९९३च्या जुलैत पत्र आलं की संस्थेचं लक्ष आता दुसऱ्या देशाकडे वळलंय, सहकार्याबद्दल आभार. अडीच वर्षांत संपलं. पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं, माझ्या भाषांतरात चूक झाली असेल म्हणून. त्यानंतर त्या तेविसांपैकी चौदा जणांनी वर्षभरात सेवा सोडली. दादाचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला अडला. बाबा बावन्नाव्या वर्षी साखर कारखान्यात काट्यावर लागले. गाळपाच्या हंगामात रात्रपाळीला उसाच्या गाड्या मोजायच्या आणि रविवारी सकाळी तसंच येऊन वेदीपुढे उभं राहायचं. पाटीत धान्य पुन्हा पडायला लागायला दोन वर्षं गेली. आक्काने त्यातलं पहिलं टाकलं.

आता दादाचं आणि माझं भांडण. दादा म्हणतो, पैसा बंद झाला हे वाईट झालं. मी म्हणतो, पैसा आला तिथेच वाईट झालं. तीस वर्षं होऊन गेली. आज दादा त्याच्या मंडळीचा वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्यांपैकी एक, आहे आणि त्यांची मंडळी बाहेरदेशी सहा सुवार्तिकांना दरमहा पैसे पाठवते. "आम्ही मधेच बंद करणार नाही," असं तो म्हणतो. तुमचा प्रश्न वाचताना दादाच बोलतोय असं वाटलं. पण दादा, पाटी रिकामी झाली तेव्हा पैसे चालू होते. पत्रे उडाले तेव्हाही चालू होते!

दादाचं ठरलेलं उत्तर असतं की अमेरिकन मिशन नसतं तर आपण शाळेचं तोंड पाहिलं असतं का. हे खरंच आहे. १८३१मध्ये नगरला त्यांचं ठाणं पडलं, सिंथिया फॅरारबाईंनी मुलींना शिकवलं, सावित्रीबाईंनी त्यांच्याकडेच शिक्षिकेचे धडे घेतले. ते ऋण मी कधी नाकारलं नाही. पण त्याच मिशनचं दुसरं पान दादा उलटत नाही. बोस्टनहून त्यांचे सचिव रूफस अँडरसन १८५४मध्ये स्वतः इकडे आले. मिशनऱ्यांनी शाळा आणि कचेऱ्यांतच अडकून न पडता स्थानिक पाळकांच्या हाती मंडळ्या द्याव्यात, आणि त्या मंडळ्यांनी स्वतःचा खर्च, स्वतःचा कारभार आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा, हे त्यांचं म्हणणं. त्याच साली नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. कारभार हळूहळू आला, प्रसारही झाला, पण पगाराची दोरी फार काळ मिशनच्या हातात राहिली. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७मध्ये मिशनचा पगार सोडला तो उगाच नाही. हिंदी माणसाला ख्रिस्त हिंदी माणसासारखा भेटावा ही त्यांची तळमळ होती, आणि पगारी नोकर म्हणून ती पुरी होणार नव्हती.

कोरियाचं उदाहरण तर दादाला मी तोंडपाठ ऐकवतो. चीनमध्ये काम करणारे जॉन नेव्हियस १८९०मध्ये दोनेक आठवडे सोलला गेले आणि तिथल्या प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) तरुण मिशनऱ्यांना त्यांनी आपली पद्धत सांगितली. ख्रिस्ती झालेल्या माणसाने आपला धंदा सोडू नये, शेजाऱ्यापाजाऱ्यांतच साक्ष द्यावी. ज्याचा खर्च मंडळीला पेलेल तोच पगारी माणूस ठेवावा. चर्चची इमारत लोकांनी आपल्या पैशाने, आपल्या धाटणीची बांधावी. शेतीचं काम नसेल तेव्हा सगळ्यांसाठी बायबलचे वर्ग. १९०१मध्ये प्याँगयांगला सेमिनरी सुरू झाली, १९०७मध्ये तिथून पहिले सात कोरियन पाळक बाहेर पडले. आणि त्या सातांतल्या एकाला त्यांनी त्याच वर्षी जेजू बेटावर मिशनरी म्हणून धाडलं. अजून स्वतःचं अंग धरलं नव्हतं तर पाठवायला लागले! आज दक्षिण कोरियाचे मिशनरी जगभर आहेत.

आणि लांब कशाला, मिझोराममध्ये बायका आजही स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. शंभर वर्षांहून जुनी रीत आहे ही. त्या तांदळावर त्यांनी स्वतःचे मिशनरी पोसले. आमच्या आईच्या पाटीत आणि त्या तांदळात मला काही फरक दिसत नाही. एवढाच की आमच्या पाटीला कुणीतरी "ओझं" म्हणालं, आणि तो शब्द माझ्या तोंडून गेला.

आता युगांडा. तुम्ही "मंडळ्या स्थापायच्या" असं लिहिलंय, तर कुठे? तो देश बहुसंख्य ख्रिस्ती आहे. १८७७पासून तिथे अँग्लिकन आहेत, दोन वर्षांनी कॅथलिक आले, आणि १८८५ ते १८८७च्या दरम्यान तिथल्या राजाने जाळलेल्या पोरांची नावं जगभर घेतली जातात. अपोलो किवेबुलाया हा तिथलाच गडी १८९६मध्ये सीमेपलीकडे आजच्या काँगोतल्या म्बोगाला गेला आणि १९३३मध्ये मरेपर्यंत त्या भागात राबला. त्याला पुण्याहून कुणी मानधन दिलं नव्हतं. तिथल्या जुन्या मंडळ्यांना न विचारता तुम्ही मानधन घेऊन उतरलात, तर नवी मंडळी उभी राहणार नाही. शेजारच्या मंडळीचे पाळक तुमच्याकडे येतील आणि त्यांची माणसं मागोमाग. त्याला स्थापना म्हणत नाहीत.

सेमिनरीचं विचारलंत. पुण्याला आणू नका. तीन वर्षं शहरात राहिलेला पोरगा वस्तीवर परत जात नाही, हे आपल्याकडेच पाहिलंय. ग्वातेमालात प्रेस्बिटेरियनांना हाच अनुभव आला तेव्हा १९६३मध्ये त्यांनी सेमिनरीच विद्यार्थ्यांच्या दारात नेली. माणूस आपल्या घरी, आपल्या कामावर राहून धडे करायचा आणि शिक्षक ठरलेल्या दिवशी तिकडे जाऊन सोडवून घ्यायचे. आपल्याकडेही १९७०नंतर हे सुरू झालं. शिक्षणाची ही तऱ्हा तुमच्या कामाची आहे. दोन आठवड्यांचं एकच शिबिर मात्र काही कामाचं नाही. दोन आठवडे, मग सहा महिन्यांनी पुन्हा तीच माणसं, असं चार-पाच वर्षं जमणार असेल तरच जा.

एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. त्या बारा दिवसांचा बाबांना फार फायदा झाला. बायबलमधलं गलतीकरांस पत्र त्यांनी तिथे पहिल्यांदा ओळीओळीने शिकलं आणि शेवटपर्यंत त्या वह्या जपल्या. शिकवणारे गृहस्थ म्हातारे होते, आमच्याकडे जमिनीवर बसून तीच दोन रंगांची भाकरी खायचे. माणसं वाईट नव्हती. त्यामुळे पुस्तकं द्या, प्रवासखर्च द्या, लांबच्या सुवार्तिकाला सायकल द्या, आजारपणाला मदत करा. पगार तेवढा नको. आणि व्हिसा ज्या कामाचा असेल तेच काम करा, पर्यटक म्हणून जाऊन प्रवचनं करू नका.

शिबिराच्या तारखा पुण्यात ठरवू नका. तिथे बहुतेक भागांत पाऊस दोनदा असतो, साधारण मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि तुम्हाला हवा तो पाळक त्या दिवसांत आपल्या रानात असतो. त्यांना विचारा आणि ते सांगतील तेव्हा जा.