प्लंबर की इलेक्ट्रिशियन? पगाराचं नंतर बघू

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलाला दहावीला 61 टक्के, आयटीआयला प्लंबर घ्यायचं म्हणतोय, तुम्ही इलेक्ट्रिशियनवर अडून बसलाय आणि मला विचारताय पगार कशात जास्त. पण खाली लिहिलंयत "प्लंबर म्हटल्यावर उद्या मुलगी कोण देणार". मग पगाराचा प्रश्न मला कशाला विचारला? पोरगं सोळा वर्षांचं आहे हो, त्याचं लग्न आत्तापासून तुमच्या डोक्यात, आणि पूर्ण पत्रात त्याचं स्वतःचं म्हणणं एका ओळीत, तेही तक्रार म्हणून, की घरातला फ्लश टँक खोलून बसतो. टँक परत जोडला का, चालू झाला का, ते लिहिलंच नाहीत. मला तेच हवं होतं.

"गटारं साफ करणार का" असंही लिहिलंयत. हा गैरसमज बऱ्याच घरांत आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाण्याचा दाब दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बारने वाढतो, म्हणजे 90 मीटरच्या टॉवरच्या गच्चीवरच्या टाकीतून सरळ लाईन खाली सोडली तर तळमजल्याच्या नळावर 9 बारच्या आसपास दाब येईल, जॉइंट सुटतील, गीझरची वाट लागेल. म्हणून मधे प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह टाकतात, लाईनी झोनमध्ये विभागतात. शिवाय पंप, हॉट वॉटरची लाईन, ड्रेनेजचा उतार, आणि अनुभव आला की फायरचं पाईपिंग. हे नीट येणारा माणूस साइटवर शोधावा लागतो.

आता तुमच्या बाजूचंही बोलतो. इलेक्ट्रिशियनला नोकरीचे दरवाजे जास्त आहेत हे खरंच. कारखान्यात मेंटेनन्स, सोलर, महावितरणच्या भरत्या. ट्रेड दोन वर्षांचा, त्यानंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला जायची सोय. प्लंबरचा ट्रेड एक वर्षाचा, कायम नोकऱ्या कमी, पण हाताखाली काम शिकून स्वतःची कामं लवकर घेता येतात. सुरुवातीला अप्रेंटिस म्हणून दोघांनाही स्टायपेंडच, पुढे फरक पडतो तो हेल्परच राहिला की कामं अंगावर घ्यायला लागला यावर. आणि इलेक्ट्रिकची कंत्राटं स्वतःच्या नावावर घ्यायची तर लायसन्स लागतं, तेही धरून चला. ज्याला वायरिंगचा कंटाळा आहे तो ते लायसन्स काढायला धडपडेल असं मला तरी वाटत नाही.

फॉर्म भरताना एक सांभाळा. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिला पर्याय मुलाला त्याच्या हाताने टाकू द्या, दुसऱ्या नंबरला तुमचं इलेक्ट्रिशियन खुशाल टाका. त्याआधी एखाद्या चालू बांधकामावर त्याला दोन दिवस पाठवा, एक दिवस प्लंबरबरोबर, एक दिवस वायरमनबरोबर. तुम्ही मात्र बरोबर जाऊ नका.