पॅनेलवरचा वकील नक्की कोणाचा? इंग्लंडमध्ये कर्जावर घर घेणाऱ्यांचे प्रश्न

इंग्लंड-वेल्समध्ये लोन काढून घर घ्यायचं ठरलं की 'पॅनेल' हा शब्द कानावर पडतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. पॅनेल म्हणजे बँकेने आपल्या कामासाठी मान्य केलेल्या वकिली फर्मची यादी. यावेळी आलेले बरेचसे प्रश्न त्याच शब्दाभोवती फिरतायत म्हणून एकत्रच घेतो. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे, तिथल्या वाचकांनी हे जसंच्या तसं लावू नका.

प्रश्न: आमची ऑफर मान्य झाली. ओळखीतल्या एकांनी चांगला सॉलिसिटर सुचवला, पण ब्रोकर म्हणतो तो आमच्या बँकेच्या पॅनेलवर नाही. बँकेच्या यादीतलाच वकील घ्यायचा तर तो आमची बाजू कशाला बघेल? भारतात घर घेतलं तेव्हा बँकेच्या वकिलाने फक्त बँकेसाठी कागद बघितले होते.

तो अनुभव इथे बाजूला ठेवा, कारण इथली मांडणीच वेगळी आहे. वकील तुम्ही निवडता, फी तुम्ही देता, तो तुमचाच असतो, आणि बँक बहुतेक वेळा त्याच फर्मला स्वतःचंही काम देते. म्हणजे फर्म एक आणि अशील दोन. घराची मालकी स्वच्छ असावी, रस्ता-पाणी-बांधकाम परवानग्यांची भानगड नसावी, यात तुमचं आणि बँकेचं हित एकच असतं म्हणून हे चालतं. बँकेसाठी काय काय तपासायचं ते यूके फायनान्सच्या (कर्ज देणाऱ्या बँकांच्या संघटनेच्या) मॉर्गेज लेंडर्स हँडबुकमध्ये लिहिलेलं असतं, भाग १ सगळ्यांना सारखा आणि भाग २ मध्ये प्रत्येक बँकेच्या स्वतःच्या अटी. नेटवर कोणालाही फुकट वाचता येतं, तुमच्या बँकेचा भाग २ एकदा तरी चाळाच. काही बिल्डिंग सोसायट्या (इथे या घरकर्ज देणाऱ्या, सभासदांच्या मालकीच्या संस्था) त्यांच्या संघटनेच्या, म्हणजे बीएसएच्या सूचना वापरतात.

पॅनेलबाहेरचाच वकील हवा असेल तर बँक तयार असल्यास स्वतःसाठी दुसरी फर्म नेमते, तिचा खर्च साधारणपणे तुमच्याच माथी येतो आणि एकेका शंकेवर दोन फर्ममध्ये पत्रापत्री होते त्यात आठवडे जातात. मी तरी हा मार्ग सुचवत नाही, फारच गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा दुसरा चांगला वकील शोधा, आणि पैसे भरायच्या आधी फर्मला लेखी विचारा की अमुक बँकेच्या पॅनेलवर आज आहात का. बँकेचं पूर्ण नाव द्या, कारण एकाच ग्रुपमधल्या दोन ब्रँडची पॅनेलं वेगळी असू शकतात. पुढे व्याजदर बघून बँक बदललीत तर हाच प्रश्न पुन्हा विचारायचा, लोक नेमकं हेच विसरतात.

आणि पॅनेलवर आहे म्हणजे काम उत्तम करेल असं अजिबात नाही. बँकेने फर्मची नोंदणी, विमा वगैरे बघितलाय एवढंच त्यातून कळतं, फोन कोण उचलणार ते कळत नाही. सॉलिसिटर फर्म एसआरएच्या आणि लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (फक्त मालमत्तेच्या व्यवहारांचा परवानाधारक वकील) सीएलसीच्या रजिस्टरवर स्वतः शोधा, या दोघांच्या नियामक संस्था आहेत. घरखरेदीसाठी दोघंही चालतात. मग विचारा की माझी फाइल कोणाच्या हातात असेल, त्या माणसाकडे आत्ता किती फाइली आहेत, आणि तो सुट्टीवर गेला तर कोण बघणार.

प्रश्न: इस्टेट एजंट म्हणतो आमचाच सॉलिसिटर घ्या, नाहीतर विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाईल. खरं का?

असं बंधन नाही. एजंटची जोडसेवा घेतली नाही म्हणून खरेदीदाराशी भेदभाव करणं १९९१ पासून नियमात बसत नाही. बऱ्याचदा यामागे रेफरल फी, म्हणजे गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल फर्मने एजंटला दिलेले पैसे, असते, ती फर्मने तुम्हाला लेखी सांगायलाच हवी, तेव्हा सरळ विचारा किती आहे. रेफरलवरचा वकील वाईटच असतो असं मी म्हणत नाही, पण घर विकलं जाण्यात ज्याचं कमिशन आहे त्याने तुमचा सावध करणारा माणूस निवडावा हे मला पटत नाही. तुम्ही दोन-तीन फर्मचे कोट घ्या. सॉलिसिटर फर्मना डिसेंबर २०१८ पासून घरखरेदीच्या फीची माहिती वेबसाइटवर द्यावी लागते. कोटमध्ये 'बँकेसाठीचं काम', 'गिफ्टेड डिपॉझिट तपासणी', 'लीजहोल्ड' (इमारत-जमीन दुसऱ्याची, तुम्हाला ठराविक वर्षांचा हक्क), 'स्टॅम्प ड्यूटी रिटर्न' या नावांनी वेगळे आकडे लावलेत का बघा, सुरुवातीचा स्वस्त कोट तिथेच फुगतो.

प्रश्न: बाबा भारतातून डिपॉझिटसाठी पैसे पाठवतायत. शिवाय विक्रेता म्हणतोय किंमत कागदावर तीच ठेवू आणि काही हजार पौंड नंतर परत देतो. वकील आमचाच आहे तर हे त्याला सांगितलं तरी बँकेपर्यंत जाणार नाही ना?

जाणार, आणि एक फर्म-दोन अशील याचा खरा अर्थ इथे कळतो. किंमत बदलली, विक्रेत्याने सूट किंवा कॅशबॅक दिला, डिपॉझिटचे पैसे दुसऱ्या कोणी दिले, हे वकिलाने बँकेला कळवायचं असतं. तुमचं गुपित तो तुमच्या परवानगीशिवाय फोडू शकत नाही हे खरं, पण तुम्ही नाही म्हणालात तर त्याला बँकेचं काम सोडावं लागतं आणि बँकेला तेवढ्यावरच कळतं की काहीतरी आहे. परत मिळणारे हजारो पौंड लपवले तर तो मॉर्गेज फ्रॉड आहे. कृपा करून यात पडू नका, तुमची नोकरी, व्हिसा, पुढची सगळी कर्जं, सगळं त्यात अडकतं. सूट मिळतेय ना, मग किंमतच कमी करून घ्या आणि बँकेला नवा आकडा कळवा.

बाबांच्या पैशात मात्र लपवण्यासारखं काहीच नाही, फक्त तयारी लवकर करा. बाबांचं गिफ्ट लेटर लागेल, त्यात हे कर्ज नाही आणि घरात मला हिस्सा नको असं स्पष्ट हवं. त्यांचं ओळखपत्र, बँक स्टेटमेंट, आणि पैसा मुळात आला कुठून त्याचे कागद, एफडी मोडली तर तिची पावती, जमीन विकली तर खरेदीखत. खत मराठीत असेल तर भाषांतर लागू शकतं. भारतात राहणाऱ्या माणसाला एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना) एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पैसे काकांच्या, मित्राच्या खात्यातून फिरवून आणू नका, जेवढी खाती तेवढ्या जणांचे कागद वकील मागणार आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

प्रश्न: पुण्यात माझ्या नावावर फ्लॅट आहे. इथे पहिलंच घर, बायकोच्या एकटीच्या नावावर घेतोय. वकिलाने विचारलं नाही तर सांगायची गरज आहे का?

आजच सांगा. फर्स्ट टाइम बायरची, म्हणजे पहिलं घर घेणाऱ्याची, स्टॅम्प ड्यूटीतली सवलत जगात कुठेही घर असेल तर मिळत नाही, आणि एकत्र राहणारे नवरा-बायको दुसऱ्या घराच्या जादा करासाठी एकच धरले जातात, आणि तो कर लागला की ही सवलतही जाते, त्यामुळे बायकोच्या नावावर घेऊन सुटका नाही. हा जादा कर ३१ ऑक्टोबर २०२४ पासून पाच टक्के झालाय आणि पूर्ण किमतीवर लागतो. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी हिशोब करून दाखवतो. इंग्लंडमध्ये चार लाख पौंडांचं घर असेल तर पहिल्यांदा घेणाऱ्याला ५,००० पौंड, आणि तुमच्यासारख्याला ३०,००० पौंड. पंचवीस हजारांचा फरक कम्प्लिशनच्या, म्हणजे घर ताब्यात मिळण्याच्या, आठवड्यात कळला तर पैसे कुठून आणणार? भारतातल्या तुमच्या हिश्श्याची किंमत ४०,००० पौंडांपेक्षा कमी असेल तर जादा कर सहसा लागत नाही, म्हणून व्हॅल्युएशन करून ठेवा. वडिलोपार्जित, भावाबरोबर सामायिक असं काही असेल तर काही कन्व्हेयन्सर त्यावर सल्ला देत नाहीत, मग टॅक्सवाल्याला वेगळं गाठायचं. कम्प्लिशननंतर १४ दिवसांत रिटर्न आणि कर दोन्ही भरायचं असतं. वेल्सचा कर वेगळा आहे.

प्रश्न: सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आवडलाय. दोन फर्मनी 'अशी बिल्डिंग घेत नाही' म्हणून नकार दिला. फ्लॅटमध्येच खोट आहे का?

तसंच काही नाही. किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली बिल्डिंगना बिल्डिंग सेफ्टी ॲक्ट २०२२ मधलं संरक्षण लागू होतं, त्यात सुरक्षेच्या दोषांच्या दुरुस्तीचा खर्च कोणावर किती पडणार हे लीज १४ फेब्रुवारी २०२२ च्या आधीची आहे का आणि त्या दिवशी फ्लॅटच्या मालकाची स्थिती काय होती यावर ठरतं. त्यासाठी लीजहोल्डर (फ्लॅटचा मालक) आणि फ्रीहोल्डर (इमारत-जमिनीचा मालक) दोघांची सर्टिफिकेटं मिळवायची. काम जास्त आणि जोखीमही जास्त, म्हणून बऱ्याच फर्म हात लावत नाहीत. तुम्हाला पॅनेलवरची आणि हे काम नेहमी करणारी फर्म हवी, थोडी महाग पडली तरी इथे पैसे वाचवू नका. हँडबुकच्या भाग २ मध्ये तुमच्या बँकेला लीजची किती वर्षं शिल्लक लागतात तेही बघा.

प्रश्न: रिमॉर्गेजला (त्याच घरावर जुन्याच्या जागी नवं कर्ज घ्यायला) बँक 'फ्री लीगल' देतेय. त्यातच बायकोचं नाव घरावर चढवून मिळेल?

फुकटचा वकील सहसा फक्त बँकेचा असतो, तुम्हाला सल्ला देणं त्याचं कामच नसतं. साधं रिमॉर्गेज असेल तर खुशाल घ्या. नाव चढवणं हे वेगळं काम, त्याची फी वेगळी, आणि बायको कर्जाची जबाबदारी घेतेय तर तिला समजावून सांगणारा वकील तिच्या बाजूचा हवा.

प्रश्न: वकील तीन-तीन आठवडे उत्तर देत नाही. मध्येच बदलू?

बदलता येतो, पण नवा पॅनेलवरचा हवा, बँकेला त्याला नव्याने सूचना द्याव्या लागतात आणि जुन्याचे झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात. आधी फर्मकडे लेखी तक्रार करा, बऱ्याचदा तेवढ्याने फाइल हलते. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणारी यंत्रणा) जा, फर्मचं अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

प्रश्न: एक्स्चेंजच्या (करार पक्का होण्याच्या) आदल्या दिवशी सॉलिसिटरच्या ईमेलवरून 'आमचं बँक खातं बदललंय' असं आलं. डिपॉझिट नव्या खात्यावर टाकू का?

टाकू नका! ईमेल हॅक करून नेमक्या याच दिवशी असे मेल पाठवतात. त्या मेलमधला नंबर वापरू नका, फर्मच्या पहिल्या पत्रावरचा नंबर लावा, तुमची फाइल बघणाऱ्या माणसाशीच बोला आणि खाते क्रमांक त्याच्याकडून आकडा-आकडा वाचून घ्या. पैसे आधीच गेले असतील तर हे पुढचं वाचायच्या आधी तुमच्या बँकेच्या फ्रॉड विभागाला फोन करा, तिथे तास नाही, मिनिटं मोजायची असतात.