वाचकांचे प्रश्न : पेटीतला जुना कॅमेरा आणि खानदेशचे ऊन

प्रश्न : माझ्या वडिलांचा ‘याशिका मॅट १२४ जी’ हा कॅमेरा अनेक वर्षे पेटीत पडून आहे. मी मोबाइलवर आणि मित्राच्या डिजिटल कॅमेऱ्यावर हौसेने छायाचित्रे काढतो. हल्ली हौशी मंडळी जुने रोलचे कॅमेरे आवर्जून मिळवतात. यात जुन्याच्या ओढीपलीकडे काही आहे का? आणि आमच्याकडच्या उन्हात तो कामाचा ठरेल का?
— एक वाचक, यावल

उत्तर : जुन्याची ओढ आहेच आणि तिच्यात गैर काही नाही, पण केवळ तिच्या बळावर कोणी दुसरा रोल विकत घेत नाही. आपला प्रश्न उन्हाचा आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. वैशाखातल्या दुपारी केळीच्या बागेच्या कडेला पांढरा सदरा घातलेला माणूस उभा असेल, तर मोबाइलच्या चित्रात तो सदरा बहुधा निव्वळ पांढरा डाग होतो, कारण डिजिटल संवेदक एका मर्यादेपर्यंत प्रकाश नोंदवतो आणि त्यापुढचा तपशील कायमचा गमावतो. निगेटिव्ह फिल्म मात्र उजळ भागात हळूहळू भरत जाते. तिला गरजेपेक्षा दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त प्रकाश मिळाला तरी सदऱ्याच्या चुण्या बहुतेक वेळा हाती लागतात. तिला सोसत नाही तो अपुरा प्रकाश. म्हणून डिजिटलवर लागलेली उजळ भाग सांभाळण्याची सवय येथे उलटी करावी आणि सावलीतला तपशील पाहून मोजमाप ठरवावे. आपल्याकडच्या कडक उन्हाला ही फिल्म मला फार मानवते.

वेचणीला आलेल्या कपाशीच्या शेतातही हीच जाण लागते. प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे फुटलेल्या बोंडांच्या पांढऱ्या पसाऱ्यात तो प्रकाश कमी करायला सांगतो आणि कापूस मळका उमटतो. तेथे एक ते दीड स्टॉप जास्त प्रकाश द्यावा. स्वयंचलित साधन हा निर्णय आपल्याला न सांगता घेऊन मोकळे होते, जुन्या यंत्रात तो आपला आपल्याला घ्यावा लागतो आणि चुकला तर का चुकला हेही कळते. हौशी माणसाला या कॅमेऱ्यांची गोडी लागते ती बव्हंशी या कळण्यामुळे, असे माझे मत आहे.

आपला कॅमेरा दोन भिंगांचा आहे. वरच्या भिंगातून पाहायचे, खालच्या भिंगातून चित्र फिल्मवर उमटते. तो पोटाशी धरून, मान खाली घालून काचेवरची प्रतिमा पाहायची असते आणि ती डावी-उजवी उलटी दिसते, याचा सुरुवातीला गोंधळ होतो. पण या ठेवणीचा मोठा लाभ असा, की समोरच्या माणसावर आपण डोळा रोखलेला नसतो. पारावर बसलेली वयस्क मंडळी अशा कॅमेऱ्यापुढे जितकी सैल बसतात, तितकी चेहऱ्यासमोर धरलेल्या मोबाइलपुढे बसत नाहीत. १२० आकाराच्या रोलवर यात फक्त १२ चौरस चित्रे मिळतात, आणि रोल महाग आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

वापरण्यापूर्वी मागचे झाकण उघडून भिंगातून विजेरीचा प्रकाश पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय, आणि तिच्यासाठी जाणता कारागीर गाठावा. एक सेकंदाचा वेग लावून शटर मध्येच अडकत नाही ना, हेही तपासावे. आतला प्रकाशमापक बंद असला तरी खेद नको, कारण शटर पूर्णपणे यांत्रिक आहे आणि त्याला बॅटरी लागत नाही. स्वच्छ उन्हात १०० संवेदनक्षमतेच्या फिल्मला १२५ चा वेग (सेकंदाचा १२५ वा भाग) आणि भिंगाचे १६ चे छिद्र (एफ/१६), या जुन्या हिशेबावर आपले काम भागेल.

प्रश्न : कृष्णधवल रोल घरी धुता येतो का? एप्रिल-मे महिन्यांत नळाचे पाणीही तापलेले असते.
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : येतो. घराबाहेर क्वचितच पडून, टेबलावर वस्तू मांडून आयुष्यभर छायाचित्रे घडवणारे केकी मूस (१९१२–१९८९) आपल्याच गावचे, तेव्हा घरात बसून काय साधते हे आपल्याला सांगायला नको. अडचण तापमानाची आहे. डी-७६ सारख्या डेव्हलपरच्या (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाच्या) वेळा साधारणपणे २० अंश सेल्सिअससाठी दिलेल्या असतात. द्रावण फार गरम असेल तर वेळ इतकी कमी होते, की निगेटिव्ह एकसारखी उमटत नाही. कोरड्या हवेत माठ चांगला गार होतो, म्हणून द्रावणे माठातल्या पाण्याने करावीत आणि बाटल्या बर्फ घातलेल्या घमेल्यात उभ्या ठेवाव्यात. बर्फ द्रावणात टाकू नये. फिक्सर (उमटलेले चित्र पक्के करणारे द्रावण) आणि शेवटचे धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या आसपास हवे, कारण थंड द्रावणातून एकदम तापलेल्या पाण्यात गेल्यास फिल्मवरच्या जिलेटिनला सुरकुत्या पडू शकतात. कोरे रोल फ्रिजमध्ये ठेवावेत, आणि बाहेर काढल्यावर तासभर तरी वेष्टन फोडू नये, नाहीतर त्यांवर दव धरते. रोल वाळत घालताना खिडकी बंद ठेवावी, कारण आपल्याकडचा फुफाटा ओल्या फिल्मवर बसला की तो पुढे निघत नाही.